मृत्युपत्राचा अर्थ आणि मृताचा हेतू

पनवेलच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर सकाळच्या वेळी थोडे थांबले, तर दस्त लिहून देणाऱ्याच्या टेबलापाशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला, हातात सातबाऱ्याचा चारघडी उतारा धरलेला एखादा वृद्ध हमखास दृष्टीस पडतो. ‘माझ्या माघारी पोरांत भांडण नको’ एवढेच त्याला सांगायचे असते. परंतु त्या एका वाक्याचे मृत्युपत्र करताना लेखनिक त्याला गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, वारसांची नावे असे वीस प्रश्न विचारतो. वृद्ध अर्ध्या प्रश्नांची उत्तरे देतो, अर्ध्यांना नुसती मान हलवितो. मसुदा तयार होतो, भराभर वाचून दाखविला जातो, सही किंवा अंगठा होतो, दोन साक्षीदार आपली नावे घालतात आणि तो कागद घरच्या ट्रंकेच्या तळाशी जाऊन पडतो. पुन्हा उघडला जातो तेव्हा तो करणारा इसम मयत झालेला असतो. आणि त्यात एखादा आकडा चुकलेला, एखादे नाव भलतेच पडलेले किंवा दोन कलमे एकमेकींच्या विरोधात उभी राहिलेली आढळली, तर ‘आबा, तुम्हांला नेमके काय म्हणायचे होते?’ असे विचारण्याची सोय कोणालाच उरलेली नसते.

मृत्युपत्राच्या कायद्यातील सगळी अडचण आणि सगळे गांभीर्य या एका गोष्टीत आहे. खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा हे दोन पक्षांचे दस्तऐवज असतात, आणि त्यांच्या अर्थाविषयी वाद उपस्थित झाला तर ते पक्ष बहुधा साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन आपापली कैफियत मांडू शकतात. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा या प्रकरणात १९५८ साली दिलेल्या निकालात मृत्युपत्राचे हेच वेगळेपण स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र कर्त्याच्या मृत्यूनंतर बोलू लागते आणि कर्ता स्वतः काही सांगण्यास हजर नसतो, म्हणून मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने त्यासंबंधीची प्रत्येक संशयास्पद परिस्थिती दूर करून न्यायालयाची खात्री पटविली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. कागद खरा आहे हे ठरल्यानंतर दुसरा आणि माझ्या मते अधिक अवघड प्रश्न उभा राहतो: हा खरा कागद म्हणतो तरी काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या कायद्याने न्यायाधीशाच्या हाती उत्तम साधने दिली आहेत, परंतु एक अत्यावश्यक साधन अद्याप दिलेले नाही, आणि ते आता दिले जावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मृत व्यक्तीच्या चार ओळींभोवती किती वर्षांचा झगडा उभा राहू शकतो, याचे महाराष्ट्राला सुपरिचित असलेले उदाहरण ताई महाराज प्रकरणाचे. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीच्या विकाराने वारले. राजद्रोहाच्या आरोपावरून अटक होऊन नुकतेच जामिनावर सुटलेले आपले स्नेही लोकमान्य टिळक, तसेच दादासाहेब खापर्डे आदी मंडळींना त्यांनी त्याच दिवशी मृत्युपत्र करून आपल्या मिळकतीचे विश्वस्त नेमले होते. पत्नी गरोदर होती. तिला कन्या झाली, किंवा पुत्र होऊन तो अल्पायुषी ठरला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तजवीज त्या मृत्युपत्रात होती. १८९८ च्या आरंभी मुलगा जन्मला आणि थोड्याच दिवसांत दगावला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले, आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला, रद्द करण्याचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांपुढे गुदरला. मुलगा जन्मला तेव्हा तोच मिळकतीचा धनी झाला, त्याच्या पश्चात आई त्याची वारस झाली, सबब मृत्युपत्राचे काम तेथेच संपले, असा त्या अर्जाचा मथितार्थ होता.

पुढचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ साली प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी खटल्याचा मार्ग मोकळा केला. १९०३ साली झालेली शिक्षा ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली टिळकांच्या बाजूने निकाल दिला. १९१० साली, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान मान्य केले. ज्या साक्षीदारांना उलटतपासणीत तसे विचारलेच नाही, त्यांना निकालपत्रात खोटे ठरविता येणार नाही, हे त्या निकालातील तत्त्व आजही आपल्या न्यायालयांत उद्धृत केले जाते. परंतु मला या प्रकरणात आणखी एक बोध दिसतो. बाबा महाराजांनी पुत्र अल्पायुषी ठरण्याचा प्रसंग आधीच कल्पून त्याची सोय लिहून ठेवली होती, म्हणूनच ‘पुत्र झाला, मृत्युपत्र संपले’ या तर्कापेक्षा मृत्युपत्राचे संपूर्ण वाचन अखेर बलवत्तर ठरले. आणि हेतू इतका स्पष्ट लिहिलेला असतानाही तो प्रस्थापित होण्यास मृत्यूच्या दिवसापासून साडेसतरा वर्षे लागली. ज्यांचा हेतू अस्पष्ट लिहिला गेला, त्यांच्या वारसांची काय कथा?

अस्पष्ट लिहिणाऱ्यांच्या मदतीला आपला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा कायदा येतो. मुसलमानांच्या मृत्युपत्रांना त्यांचा स्वतंत्र कायदा लागतो. हिंदूंच्या मृत्युपत्रांना मात्र या अधिनियमातील अर्थनिर्णयाची कलमे मुंबई शहराबाहेरील मुलखातही, म्हणजे आपल्या पनवेल-उरणकडेही, १ जानेवारी १९२७ पासून लागू आहेत. कलम ७४ पासून ८९ पर्यंतचा हा भाग कायद्याच्या रूक्ष भाषेत लिहिलेला असला, तरी त्याच्या मुळाशी अतिशय मानवी विचार आहे. मृत्युपत्राला पारिभाषिक शब्द लागत नाहीत, लिहिणाऱ्याचा हेतू शब्दांवरून कळला म्हणजे पुरे, असे त्याचे पहिलेच कलम सांगते. न्यायाधीशाने मृत्युपत्रकर्त्याच्या बैठकीवर जाऊन बसावे, त्याचे घर, त्याची माणसे, त्याची मिळकत त्याच्या दृष्टीने पाहावी आणि मग शब्दांचा अर्थ लावावा, हे प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेले आणि सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्वीकारलेले तत्त्व याच विचाराचे दुसरे रूप आहे.

ही कलमे आपल्या घरांत आणून पाहिली म्हणजे त्यांचे मोल कळते. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती, आणि तीस वर्षे सासरच्या नावाने वावरलेल्या लेकीचा उल्लेख बापाने मृत्युपत्रात माहेरच्या नावाने केलेला आढळतो. व्यक्ती कोण हे इतर वर्णनावरून निश्चित होत असेल, तर नावातील चुकीने देणगी बुडत नाही, असे कलम ७६ म्हणते. एकत्रीकरणाच्या योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, परंतु वृद्धांच्या तोंडी जुनेच आकडे राहिले. मृत्युपत्रात आकडा जुना किंवा चुकीचा पडला, पण पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस भावाचे शेत अशी चतुःसीमा बिनचूक असली, तर वर्णनातील चुकीचा भाग गाळून उरलेल्या खऱ्या वर्णनावर मिळकत ओळखता येते, हे कलम ७८ चे सांगणे आहे. एका मुलीला ‘पाचशे रुपये’ आणि दुसरीला नुसते ‘पाचशे’ असे लिहिले असेल, तर गळलेला ‘रुपये’ हा शब्द न्यायालय संदर्भावरून भरून घेते. हे उदाहरण तर कायद्यानेच कलम ७७ खाली दिले आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे दोन भावांच्या घरी एकाच नावाचे दोन नातू असतात. तेव्हा ‘माझा नातू’ म्हणून दिलेली अंगठी कोणाची, हे ठरविण्यासाठी बाहेरचा पुरावा घेण्यास कलम ८० परवानगी देते. आजोबा कोणाकडे राहत होते, कोणाच्या शाळेची फी भरीत होते, हे तेथे सांगता येते.

याहून गुंतागुंतीचा प्रसंग ‘मालक’ या शब्दाचा. अनेक मराठी मृत्युपत्रांत प्रथम ‘माझ्या पश्चात माझी पत्नी सर्व मिळकतीची मालक होईल’ असे वाक्य येते आणि चार ओळींनंतर ‘तिने तहहयात उपभोग घ्यावा, तिच्या माघारी मिळकत दोन्ही मुलांना समान जावी’ असे दुसरे वाक्य येते. ‘मालक’ या शब्दाने पूर्ण स्वामित्व दिले जाते, मात्र संदर्भाने ते मर्यादित होऊ शकते, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०७ सालीच सांगून ठेवले आहे. दोन कलमांचा मेळ कोणत्याच मार्गाने बसत नसेल, तर मृत्युपत्रात शेवटचे कलम प्रभावी मानावे, असा कलम ८८ चा दंडक आहे. परंतु त्याआधी संपूर्ण मृत्युपत्र एकत्र वाचून प्रत्येक शब्दाला काही तरी अर्थ राहील अशी वाट शोधण्याचे बंधन न्यायालयावर आहे. वाक्ये विसंगत दिसली तरी त्या नवऱ्याच्या मनात विसंगती नव्हती. बायकोला कोणापुढे हात पसरावा लागू नये आणि पुढे मुलांत भांडण होऊ नये, अशा दोन गोष्टी त्याला एकाच वेळी हव्या होत्या. त्या दोन्ही जपणारा अर्थ शोधणे हीच न्यायाधीशाच्या कौशल्याची कसोटी. मात्र स्त्रीला पोटगीच्या पूर्वहक्कापोटी मिळालेली मिळकत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिच्या पूर्ण मालकीची होऊ शकते, हेही तेथे विसरता येत नाही.

या उदारपणाला सीमा आहे, आणि ती असलीच पाहिजे. देणगी कोणाला हे सांगणारी जागाच कोरी सोडली असेल, तर त्या कोऱ्या जागेत नाव घालण्यासाठी तोंडी पुरावा चालत नाही. ‘सोबतच्या यादीतील वस्तू’ असे लिहिले आणि यादीच सापडली नाही, तर ती देणगी अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरते. सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड किंवा ओळींमध्ये घातलेला मजकूर, त्या फेरबदलावर मृत्युपत्राप्रमाणेच सही-साक्ष झाल्याशिवाय, अंमलात येत नाही. मृताच्या नावाने बोलण्यास पुढे येणारे बहुधा मिळकतीत हितसंबंध असलेलेच असतात. त्यांच्या सांगण्यावरून कागदावर नवे शब्द चढू लागले, तर उद्या कोणाचेच मृत्युपत्र सुरक्षित राहणार नाही. न्यायालयाने मृत्युपत्राचा अर्थ लावावा, स्वतः मृत्युपत्र लिहू नये, हे तत्त्व म्हणूनच मला मान्य आहे.

परंतु जिथे चूक हेतूची नसून निव्वळ लेखणीची आहे, आणि ती अर्थनिर्णयाने भरून निघण्यासारखी नाही, तेथे काय करावे? या प्रश्नावर इंग्लंडमधील एका दांपत्याचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. १९९९ साली रॉलिंग्ज पतिपत्नींनी एकमेकांच्या लाभाची आणि दोघांच्या माघारी पुत्रवत मानलेल्या एका इसमाला सर्व काही देणारी दोन मृत्युपत्रे एकाच बैठकीत केली. वकिलाच्या हातून कागदांची अदलाबदल झाली. पतीने पत्नीच्या आणि पत्नीने पतीच्या मृत्युपत्रावर सही केली. पत्नी आधी वारली तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. २००६ साली पती वारल्यावर चूक उघड झाली आणि त्यांच्या पोटच्या दोन मुलांनी मृत्युपत्रच अमान्य असल्याचे म्हटले. खालच्या दोन न्यायालयांनी मुलांचे म्हणणे मान्य केले. परंतु तेथील १९८२ च्या कायद्याने लेखनिकाची चूक किंवा कर्त्याच्या सूचना समजून घेण्यात झालेली चूक सिद्ध झाल्यास मृत्युपत्र दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे, आणि त्या आधारे २२ जानेवारी २०१४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मृत्युपत्र दुरुस्त करून मृताचा हेतू तडीस नेला.

आपल्या अधिनियमात असे स्पष्ट कलम नाही. कलम २६१ खाली प्रोबेटमधील नाव, वर्णन किंवा मृत्यूची वेळ व स्थळ यांसंबंधीच्या चुका दुरुस्त होतात. ती दुरुस्ती न्यायालयाने दिलेल्या दाखल्याची असते, मृत्युपत्राच्या मजकुराची नव्हे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमातील दस्तऐवज दुरुस्तीचे कलम पक्षांची परस्पर चूक किंवा कपट गृहीत धरते, आणि मृत्युपत्राला तर दुसरा पक्षच नसतो. त्यामुळे तशीच अदलाबदल पनवेलच्या एखाद्या टेबलावर झाली, तर आपल्या न्यायाधीशाला अर्थनिर्णयाची दोरी तुटेपर्यंत ताणावी लागेल किंवा डोळ्यांदेखत अन्याय होऊ द्यावा लागेल.

या प्रश्नाची धग आमच्या पनवेलकरांना जेवढी लागते तेवढी क्वचितच कोणाला लागत असेल. १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भातशेतीवर, खारजमिनींवर आणि मिठागरांवर संपादनाची नोटीस आली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. विमानतळासाठी गावे उठली तेव्हा तो साडेबावीस टक्क्यांवर गेला. आता एका बापाने ‘घर मुलाला आणि वरच्या अंगाचे शेत लेकीला’ असे लिहून ठेवले आणि त्याच्या हयातीतच ते शेत संपादनात गेले अशी कल्पना करा. कलम १५२ म्हणते की विशेष म्हणून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी कर्त्याची राहिली नसेल किंवा निराळ्या प्रकारच्या मिळकतीत रूपांतरित झाली असेल, तर ती देणगी लुप्त होते. कलम १६३ म्हणते की तो बदल कायद्याच्या अंमलाने घडला असेल, तर देणगी लुप्त होत नाही. पहिले कलम लावले तर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर लेकीला मृत्युपत्राने काहीच मिळत नाही. दुसरे लावले तर बापाची इच्छा त्या भूखंडातही जिवंत राहते.

माझे मत दुसऱ्या अर्थाच्या बाजूने निःसंदिग्ध आहे. ज्या बापाने शेत आपण होऊन विकले, त्याने आपला विचार बदलला असे मानता येईल. परंतु ज्याचे शेत सरकारने घेतले त्याने लेकीविषयीचा आपला विचार कोठे बदलला? भाताच्या खाचराचा भूखंड झाला म्हणून लेक परकी होत नाही. आमच्या भागात असे वाद वारस दाखल्याच्या अर्जात, फेरफाराच्या हरकतीत आणि दिवाणी दाव्यांत वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि ज्या भावाबहिणींना एकत्र ठेवण्यासाठी बापाने कागद केला, तीच भावंडे न्यायालयाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेली दिसतात.

म्हणून माझी मागणी अशी आहे. उत्तराधिकार अधिनियमात संसदेने एक मर्यादित दुरुस्तीचे कलम घालावे. लेखनिकाची चूक किंवा सूचना न समजल्याने झालेली चूक, या दोनच कारणांवर ते चालावे. पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक असावा, आणि शक्य तेथे तो मूळ टिपणे, जुने मसुदे, मृताची पत्रे अशा लेखी स्वरूपाचा असावा. मुदत आखूड असावी, इंग्लंडात ती प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांची आहे. मृताचा विचार अपुरा किंवा अन्यायकारक वाटतो म्हणून तो बदलण्याचा अधिकार कोणालाही असू नये. त्याच वेळी सक्तीच्या भूसंपादनात मिळणारा मोबदला आणि पर्यायी भूखंड हा मूळ देणगी ज्याला दिली त्याच्या हक्काचा राहील, असे कलम १६३ मध्ये स्पष्ट शब्दांत घालावे. अशाने लोभी वारसांना वाव मिळेल हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु संशयाची छाननी कशी करावी हे गजेंद्रगडकरांच्या निकालापासून आपली न्यायालये शिकली आहेत, आणि खोटेपणाच्या भयाने खऱ्या चुकीवरचा इलाज नाकारणे हा न्याय होत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. वाचकांना मात्र आजच करता येण्याजोगे पुष्कळ आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, त्याची नोंदणी ऐच्छिक आहे, आणि ते मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. मिळकतीला नुसता आकडा न देता गाव, गट नंबर, चतुःसीमा आणि लोकांच्या तोंडचे नाव ही सर्व लिहा. लेकीची माहेरची व सासरची दोन्ही नावे घाला. ‘या मिळकतीच्या बदल्यात मिळणारा मोबदला, भूखंड व हक्क’ हे शब्द न विसरता लिहा. बदल करायचा झाला, तर खाडाखोड न करता पुरवणी मृत्युपत्र करा. आणि ज्यांच्या ट्रंकेच्या तळाशी असा कागद आधीच पडलेला आहे, त्यांनी या आठवड्यात तो बाहेर काढून, आजचा सातबारा शेजारी ठेवून, एकदा मोठ्याने वाचून पाहावा. त्यात काही चुकले असेल, तर ते दुरुस्त करण्याचा निर्विवाद अधिकार आज फक्त त्यांच्याकडे आहे, आणि तो त्यांच्या हयातीपुरताच आहे.